सुई प्रयोगासाठी की कलाकारासाठी? नृत्यसंस्था, नाट्यमंडळे आणि क्रीडासंघांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
नृत्यसंस्था, नाट्यमंडळे आणि क्रीडासंघ यांचे संचालक, व्यवस्थापक व मुख्य प्रशिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी अनेकांनी कलाकारांच्या आणि खेळाडूंच्या वैद्यकीय सेवेत ॲक्युपंक्चरला जागा दिली आहे. माझा व्यवसायच तो असल्याने मला याचा आनंद आहे. तरीही हे पत्र आभाराचे नाही. आम्हाला ज्या वेळी आणि ज्या कामासाठी बोलावले जाते त्याबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती एखाद्या संस्थेपुरती नसल्यामुळे सगळ्यांसमोर मांडत आहे. बोलावणे येते ते पडदा उघडायला तास-दीड तास उरलेला असताना, नाहीतर सामन्याच्या आदल्या रात्री. मागणी एकच असते : आजचा दिवस निभावून न्या. काय दुखते, कधीपासून दुखते, कोणी तपासले आहे का, याची माहिती बोलावणाऱ्याजवळ बहुतेक वेळा नसते, आणि दिवस निभावला की पुढची कळ येईपर्यंत कोणाला आमची आठवण होत नाही. माझे म्हणणे असे आहे, की प्रयोग वाचवण्यासाठी टोचलेल्या सुईला उपचार म्हणू नये. कलाकाराची खरोखर काळजी घ्यायची असेल तर तालमीचे वेळापत्रक, झोप, आहार आणि मनावरचा ताण हे सगळे त्याच उपचारात धरावे लागेल, आणि ते धरण्याचा अधिकार माझ्यापेक्षा आपल्या हातात जास्त आहे.

आधी सुईला काय जमते ते सांगते, कारण आमच्याच व्यवसायातले काही लोक याबाबत अघळपघळ दावे करतात. जुनाट दुखण्यावरच्या ३९ चाचण्यांमधील २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठ, मान, खांदा, गुडघ्याची झीज आणि डोकेदुखी यांत ॲक्युपंक्चर घेणाऱ्यांना ते न घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे बरे वाटले, आणि हा फायदा वर्षभराने थोडाच कमी झाला होता. मात्र लुटुपुटूच्या, म्हणजे खऱ्या उपचाराचा नुसता भास देणाऱ्या, सुयांशी तुलना केली तेव्हा फरक उरला, पण तो लहान होता. कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर जर्मनीत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के, चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के आणि औषधे-व्यायामाच्या प्रचलित उपचाराने २७.४ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम पडला. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस २००९ मध्ये केली, २०१६ मध्ये काढून घेतली आणि २०२१ मध्ये, कारण सापडत नाही अशा जुनाट दुखण्यासाठी, ॲक्युपंक्चरला पुन्हा जागा दिली. या सगळ्याचा माझ्यापुरता अर्थ असा, की सुई वेदना कमी करते, त्यात उपचाराच्या वातावरणाचा आणि रुग्णाकडे दिलेल्या लक्षाचा मोठा वाटा आहे, आणि फाटलेले लिगामेंट किंवा तडकलेले हाड ती सांधत नाही. शिवाय या मोठ्या चाचण्या चारचौघांच्या जुनाट दुखण्यावर झाल्या आहेत. रोज सहा तास नाचणाऱ्या किंवा धावणाऱ्या शरीरावरचे अभ्यास संख्येने थोडे आणि आकाराने लहान आहेत, आणि प्रयोगाच्या तासभर आधी टोचण्याची पद्धत तर निव्वळ सोयीतून रूढ झाली आहे.

वेदना कमी होणे ही काही क्षुल्लक गोष्ट नाही, हे मी जाणते. कमी दुखले की माणूस झोपतो, व्यायाम करू शकतो, दुखऱ्या पायाला वाचवण्याच्या नादात दुसरा पाय बिघडवत नाही. प्रश्न आहे तो कमी झालेल्या वेदनेचा उपयोग कशासाठी करायचा हा. बॅले नर्तकीच्या घोट्याचे उदाहरण घेते. चवड्यांवर चढताना घोट्याच्या मागे कळ येते अशी तिची तक्रार असते, आणि जागा टाचेच्या मोठ्या शिरेला, म्हणजे अकिलीज टेंडनला (टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा), लागून असल्यामुळे दुखणे त्या शिरेचे आहे असे सगळे धरून चालतात. मी तिचे पाऊल वरच्या बाजूला दाबून धरते, आतल्या घोट्याच्या मागच्या खोबणीत बोट ठेवते आणि तिला फक्त अंगठा वर-खाली करायला सांगते. कळ नेमकी बोटाखाली उठली, किंवा तिथे काहीतरी करकरल्यासारखे लागले, तर दुखणे बहुधा अंगठा वाकवणाऱ्या टेंडनचे असते. हा टेंडन घोट्याच्या मागे एका अरुंद बोगद्यातून जातो आणि चवड्यांवरच्या प्रत्येक चढ-उतारात तिथे घासला जातो. त्याचा स्नायू पोटरीत खोलवर असतो. योग्य जागी सुई पोचली की तो क्षणभर टचकन आखडतो आणि मग सैल पडतो. पंधरा-वीस मिनिटांनी ती उभी राहते, चवड्यांवर चढून पाहते आणि हसते. विंगेत उभ्या असलेल्या व्यवस्थापकाच्या दृष्टीने काम तिथे संपलेले असते. माझ्या दृष्टीने ते तिथे सुरू व्हायला हवे, कारण त्याच रात्री ती शे-दीडशे वेळा चवड्यांवर चढली तर घासणे तितकेच होणार आहे, फरक इतकाच की आता तिला ते वेळेवर कळणार नाही. पुढचे काही आठवडे चढ-उतारांची संख्या कमी करून, पोटरी आणि तळपायाचे स्नायू हळूहळू बळकट करून, चवड्यांवर असताना अंगठ्याने जमीन पकडण्याची सवय मोडून हे दुखणे आवरता येते, आणि त्यातले पहिले काम माझे नाही, फिजिओथेरपिस्टचेही नाही. ते तालमीची आखणी करणाऱ्याचे आहे.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. धावपटू आणि उड्या मारणारे नर्तक यांना कधीकधी पावलाच्या वरच्या उंचवट्यावर, घोट्याच्या किंचित पुढे, एक अस्पष्ट दुखरेपणा जाणवतो. सूज नसते, साधा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, विश्रांती घेतली की दुखणे थांबते. नाण्याएवढ्या त्या जागेवर दाबल्यावर माणूस पाय आखडून घेत असेल तर तिथल्या नॅव्हिक्युलर हाडाला बारीक तडा गेला असण्याची शंका घ्यावी लागते. या हाडाच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी असल्याने तडा सहज भरत नाही. एमआरआय किंवा सीटी करून निदान झाले, तर साधारण सहा आठवडे पावलावर अजिबात भार न देणे हा नेहमीचा मार्ग असतो. अशा पायाला सुया टोचून मैदानावर पाठवणे म्हणजे तडा रुंदावण्याची सोय करणे. म्हणून हाडावर बोट ठेवताच दुखत असेल, रात्री झोपेत कळ येत असेल, अंग बधिर होत असेल, किंवा दोन-तीन भेटींत काहीच फरक पडत नसेल, तर तपासणी होईपर्यंत मी सुई हातात घेत नाही. अशा वेळी 'एवढ्या एका सामन्यापुरते करा' असा आग्रह प्रशिक्षकाने धरू नये, ही माझी आपल्याकडे पहिली स्पष्ट मागणी आहे.

आता वेळापत्रकाकडे येते, कारण खरा प्रश्न तिथे आहे. नवीन प्रयोगाच्या शेवटच्या पंधरवड्यात तालमींचे तास एकदम वाढतात, रंगीत तालीम मध्यरात्रीपर्यंत चालते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर्ग असतो. सुट्टीवरून परतलेल्या संघाला पहिल्याच आठवड्यात पूर्ण वेगाने धावायला लावले जाते. टेंडन आणि हाड वाढलेल्या भाराशी जुळवून घेतात, पण त्यासाठी त्यांना आठवडे लागतात. टाचेच्या शिरेच्या जुन्या दुखण्यावर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला, आजही वापरला जाणारा व्यायामक्रम दिवसाला १८० वेळा टाच सावकाश खाली सोडण्याचा आहे आणि तो १२ आठवडे चालतो. ज्या शिरेला सावरायला तीन महिने लागतात ती एका भेटीत 'ठीक करून द्या' अशी विनंती मला लेखी स्वरूपातही आलेली आहे. झोपेचेही तसेच. किशोरवयीन खेळाडूंवरच्या २०१४ च्या एका अभ्यासात आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली. अशा एका अभ्यासावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य; पण मध्यरात्री संपणारी तालीम आणि सकाळी आठचा वर्ग यांच्यामध्ये आठ तासांची झोप बसत नाही, हे समजायला अभ्यासाची गरज नाही.

आहाराचा विषय मी मुद्दाम अधिक विस्ताराने मांडते, कारण आपल्या संस्थांमध्ये त्याबद्दल बोलले जाते ते फक्त वजनाच्या अंगाने. पाळी थांबणे, हाडे ठिसूळ होणे आणि अपुरा आहार यांचा परस्परसंबंध खेळाडू स्त्रियांमध्ये १९९० च्या दशकापासूनच अधोरेखित होत आला आहे. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ही मांडणी व्यापक केली : शरीर जितकी ऊर्जा खर्च करते त्या मानाने त्याला अन्न मिळाले नाही, तर हाडे, संप्रेरके, प्रतिकारशक्ती, हृदय, मनःस्थिती आणि कामगिरी या सगळ्यांवर परिणाम होतो, आणि तो पुरुषांमध्येही होतो. समितीने ही भूमिका २०१८ आणि २०२३ मध्ये अद्ययावत केली आहे. नर्तक, जिम्नॅस्ट, लांब पल्ल्याचे धावपटू आणि वजनगटात खेळणारे यांना हा धोका विशेष असतो. माझ्याकडे अशी मुलगी येते ती 'पोटरी सारखी भरून येते' म्हणून. सुई लावण्याआधी मी पाळीची तारीख विचारते, आणि पुष्कळदा उत्तर येते की ती काही महिन्यांपासून आलेलीच नाही; वर, बरेच झाले, दौऱ्यात त्रास नको, अशी पुस्तीही जोडली जाते. कधीकधी प्रशिक्षकाचेही मत तेच असते. पाळी थांबणे हे कठोर मेहनतीचे प्रमाणपत्र नव्हे, तो डॉक्टरांकडे जाण्याचा निरोप आहे. अशा मुलीच्या पोटरीवर मी कितीही कौशल्याने काम केले तरी तिला त्या आठवड्यात खरी गरज पुरेशा जेवणाची, रक्ततपासणीची आणि हाडांच्या तपासणीची असते. तेव्हा सर्वांसमोर वजन करण्याची पद्धत आजच बंद करावी, आणि तालमीच्या मध्ये जेवायला खरोखर वेळ मिळेल अशी सुट्टी वेळापत्रकात छापून द्यावी. वीस मिनिटांत वेशभूषा बदलून कोणी जेवत नाही.

नट, गायक आणि वादक यांच्याबद्दल थोडक्यात. मान आणि जबड्याचे आखडलेले स्नायू सैल करण्यात सुईचा उपयोग होतो, आणि रंगमंचावर जाण्याआधीच्या धास्तीत काहींना शांत पडून राहण्यानेच बरे वाटते. परंतु बसलेला आवाज चार आठवड्यांत सुटला नाही तर घशाच्या डॉक्टरांनी स्वरतंतू पाहिलेच पाहिजेत. मानेत सुया घेत बसून तो काळ घालवू नये. वादकाची बोटे दुखत नसतानाही ऐन वाजवताना आपोआप वळू लागली तर ते स्नायूंचे नसून मज्जासंस्थेचे लक्षण असू शकते, आणि तिथेही आमचा क्रमांक नंतरचा आहे.

सुरक्षिततेबद्दल आपल्याला चिंता वाटते ती सुईच्या भीतीपोटी, आणि जिथे वाटायला हवी तिथे वाटत नाही, असा माझा अनुभव आहे. ॲक्युपंक्चरची सुई साधारण ०.२ ते ०.३ मिलीमीटर जाडीची, भरीव आणि एकदाच वापरून टाकून देण्याची असते. इंजेक्शनच्या नेहमीच्या सुईपेक्षा ती कितीतरी बारीक आहे. ब्रिटनमध्ये प्रशिक्षित चिकित्सकांनी केलेल्या ३४,४०७ उपचारांची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात एकही गंभीर दुष्परिणाम नव्हता. तथापि छातीच्या आणि पाठीच्या काही भागांत फुप्फुस त्वचेखाली जेमतेम १० ते २० मिलीमीटरवर असते, आणि सडपातळ नर्तकांच्या बाबतीत तर हिशेब आणखी काटेकोर ठेवावा लागतो. सुईने फुप्फुसाला छिद्र पडण्याच्या घटना दुर्मीळ असल्या तरी घडलेल्या आहेत. खांद्यावर सुया घेतल्यानंतर दम लागला किंवा छातीत दुखले तर रंगमंच नव्हे, रुग्णालय गाठायचे असते, हे आपल्या मदतनिसांना माहीत आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत, वैद्यकीय पदवी नसलेल्या चिकित्सकाच्या पूर्ण प्रशिक्षणासाठी २,५०० तास सांगितले आहेत. शनिवार-रविवारच्या शिबिरात सुया टोचायला शिकलेल्या माणसाला संघाबरोबर दौऱ्यावर नेण्याआधी हा आकडा आठवावा. पहिली भेट प्रयोगाच्या दिवशी तर मुळीच ठेवू नये. काहींना सुयांनंतर गुंगी येते, काहींना भोवळ येते, आणि उंच उडी मारण्यासाठी तो दिवस बरा नव्हे. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती आणि उपचाराच्या वेळी मुलाच्या विश्वासातली एक प्रौढ व्यक्ती खोलीत असणे, यात कोणतीही सवलत मागू नये.

खेळाडूंसाठी आणखी एक गोष्ट आहे, जी मला बैठकांमध्ये पुन्हा पुन्हा सांगावी लागते. कोरड्या, म्हणजे औषध नसलेल्या, सुईला डोपिंगच्या नियमांत बंदी नाही. धोका सुईसोबत हातात दिल्या जाणाऱ्या काढ्यांचा आणि गोळ्यांचा आहे. चिनी वैद्यकात वापरल्या जाणाऱ्या मा हुआंग या वनस्पतीत एफेड्रीन असते आणि स्पर्धेच्या काळात त्याचे लघवीतले प्रमाण दर मिलीलिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आढळले तर खेळाडू दोषी ठरतो. बचनागाच्या जातीच्या आणि इतर काही वनस्पतींत हिजेनामाइन नावाचे द्रव्य असते. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या २०१७ च्या यादीपासून त्याचा नावानिशी उल्लेख आहे आणि त्यावर बाराही महिने बंदी आहे. शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच, हा त्या नियमांचा पाया असल्याने 'मला चिकित्सकाने दिले' या उत्तराने बंदी आपोआप टळत नाही. म्हणून संघाशी जोडलेल्या कोणत्याही ॲक्युपंक्चर चिकित्सकाने संघाच्या डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पोटात घ्यायचे काहीही देऊ नये, असे कलम आपल्या करारात असावे. माझ्या करारात ते मी स्वतः घालून घेते.

राहिला सर्वांत अवघड मुद्दा : निर्णय कोणाचा. माझे मानधन संस्था देते, पण टेबलावर झोपलेला माणूस माझा रुग्ण असतो. या दोन गोष्टींत जोपर्यंत अंतर राखले जात नाही, तोपर्यंत कलाकार मला खरे सांगणार नाही. एका दौऱ्यात, मी उपचाराच्या वहीत लिहिलेली गुडघ्याची नोंद दुसऱ्या दिवशी भूमिकांचे वाटप करणाऱ्यांच्या चर्चेत ऐकू आली. त्यानंतर त्या मंडळातल्या कोणाचेच गुडघे दुखेनासे झाले, निदान माझ्यासमोर तरी. दुखणे सांगितले की भूमिका जाते, हे ज्याला ठाऊक आहे तो दुखणे लपवतो, वेदनाशामक गोळ्या गुपचूप घेतो आणि मोडल्यावरच येतो. यावर उपाय महागडा नाही. उपचाराच्या नोंदी कलाकार, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि चिकित्सक यांच्यापुरत्याच राहाव्यात. व्यवस्थापनाला फक्त एवढेच कळवावे की अमुक व्यक्ती पूर्ण काम करू शकते, मर्यादित काम करू शकते, की करू शकत नाही, आणि मर्यादित असेल तर कोणत्या हालचाली टाळायच्या. रंगमंचावर किंवा मैदानावर उतरता येईल की नाही याचा वैद्यकीय अभिप्राय देणाऱ्या व्यक्तीची नेमणूक दिग्दर्शकाच्या किंवा प्रशिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून नसावी. आणि सुया घ्यायच्या नाहीत असे कलाकाराने सांगितले तर त्याला कारण विचारले जाऊ नये.

यावर आपले उत्तर मला ठाऊक आहे. तिकिटे विकली गेलेली असतात, स्पर्धेची तारीख पुढे ढकलता येत नाही, आणि बदली कलाकार तयार ठेवणे खर्चाचे काम आहे. मी हे नाकारत नाही. परंतु बदली नसणे हा नियोजनातला दोष आहे आणि त्याची भरपाई एखाद्याच्या घोट्याकडून करून घेतली जात आहे, एवढे तरी आपण मान्य करावे. मोठ्या भूमिकेला दुसरी व्यक्ती पहिल्या तालमीपासून तयार होत असेल, तर मलाही विंगेत उभे राहून घड्याळाकडे पाहत पोटरी चाचपावी लागणार नाही.

पुढच्या हंगामाचे वेळापत्रक ठरवताना फिजिओथेरपिस्ट, डॉक्टर आणि चिकित्सक यांच्यापैकी एकाला तरी त्या बैठकीत बसवावे, आणि तालमींचे तास, मधल्या सुट्ट्या व विश्रांतीचे दिवस कागदावर पक्के होण्याआधी त्यांचे मत नोंदवून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. उपचाराच्या भेटी प्रयोगाच्या संध्याकाळऐवजी आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी ठेवल्या तर मी माझ्या बाजूने हव्या तितक्या आधी उपलब्ध राहीन. तपासणी न झालेल्या दुखापतीवर प्रयोगाआधी तासभर सुया लावण्याचे काम मात्र यापुढे स्वीकारणार नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
एक ॲक्युपंक्चर चिकित्सक